नकाशातील चिन्हांचा संग्रह

संगणकावर काढलेल्या अभियांत्रिकी नकाशाचा बराचसा भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या चिन्हांनी भरलेला असतो. घराच्या नकाशात दारे, खिडक्या आणि न्हाणीघरातील भांडी येतात, तर नळयोजनेच्या नकाशात विंधन विहीर, पंपघर, व्हॉल्व्ह आणि नळकोंडाळी. ही चिन्हे दर वेळी नव्याने काढली जात नाहीत. एकदा काढून, नाव देऊन साठवली की हवी तिथे ठेवता येतात. ऑटोकॅड आणि लिब्रेकॅडमध्ये अशा साठवलेल्या चिन्हाला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकची मूळ व्याख्या फाइलमध्ये एकदाच असते. नकाशावर दिसणाऱ्या प्रत्येक प्रतीत फक्त तिची जागा, आकारमान आणि कोन यांची नोंद राहते. त्यामुळे फाइल हलकी राहते आणि व्याख्येत एक रेघ बदलली तर सगळ्या प्रती एकदम बदलतात.

ही कल्पना पडद्यावरच्या चित्रकलेइतकीच जुनी आहे. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीत सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीत मूळ आकृती आणि तिच्या प्रती हे नाते आधीच होते. ऑटोकॅड १९८२च्या अखेरीस बाजारात आले. तोवर ड्रॉइंग बोर्डावर हेच काम प्लॅस्टिकचे स्टेन्सिल करत होते. स्टेन्सिल हरवले की लगेच कळायचे. संगणकातील संग्रह बिघडतो तो मात्र बराच काळ कोणाच्या लक्षात येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर असलेल्या जिवती तालुक्यातील एखाद्या नळयोजनेचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवला तर या संग्रहाचे काम स्पष्ट होते. तालुका माणिकगडच्या डोंगरात आहे आणि कोलाम व गोंड वस्तीचे गुडे एकमेकांपासून दूर विखुरलेले आहेत. सपाट गावात नळाची रेघ बहुतेक सरळ जाते, इथे ती चढते आणि उतरते. चढाच्या माथ्यावर नळात हवा कोंडते, म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह लागतो. खोलगट जागी गाळ साचतो, म्हणून तिथे तो धुऊन काढणारा स्कवर व्हॉल्व्ह बसवावा लागतो. उद्धरण नलिका, टाकी, मग वितरण नलिका असा नकाशा पुढे सरकत असताना हीच मोजकी चिन्हे ठिकठिकाणी येतात. त्यातही प्रत्येकाची दोन रूपे असतात: एक वरून दिसणाऱ्या मांडणीसाठी, दुसरे नळाचा चढ-उतार दाखवणाऱ्या उभ्या छेदासाठी. ही दोन्ही रूपे एकाच नावाने साठवणे म्हणजे घोळाला आमंत्रण.

संग्रह लावताना पहिली विभागणी विषयवार करण्याचा मोह होतो, पण त्याआधी आणखी एक फरक पाहावा लागतो. दार, खांब, टाकी या खऱ्या मापाच्या वस्तू आहेत. ९०० मिमीचे दार कोणत्याही प्रमाणाच्या नकाशात ९०० मिमीच राहते. व्हॉल्व्ह, उत्तर दिशा, बेंचमार्क यांचे तसे नाही. कागदावर ती डोळ्यांना दिसावीत एवढाच त्यांच्या आकाराचा हेतू. कागदावर ३ मिमीचे चिन्ह हवे असेल, तर मीटरमध्ये काढलेल्या १:१००० प्रमाणाच्या नकाशात ते ३ मीटरचे ठेवावे लागते आणि १:२५०० मध्ये साडेसात मीटरचे. ऑटोकॅडच्या २००८च्या आवृत्तीपासून प्रमाणाप्रमाणे आपोआप लहानमोठे होणारे ब्लॉक करता येतात. ती सोय नसेल तर अशी चिन्हे १ मिमी किंवा १ मीटर अशा एकक आकारात काढून ठेवणे बरे, म्हणजे ठेवताना एकाच आकड्याने गुणले की झाले. दोन्ही प्रकार एकाच फोल्डरमध्ये मिसळले की नवा ड्राफ्ट्समन दारही हजारपट करून ठेवतो. मिमीत काढलेला ब्लॉक मीटरच्या नकाशात आणताना एककाची नोंद नसेल तरीही तेच होते.

मूळ बिंदूचा निर्णयही चिन्ह साठवतानाच घ्यायचा असतो. चिन्ह माऊसला ज्या बिंदूवर लटकून येते तो हा बिंदू. व्हॉल्व्हसाठी तो नळाच्या मध्यरेषेवर हवा, दारासाठी बिजागरीच्या कोपऱ्यात, नळकोंडाळ्यासाठी जोडणीच्या जागी. बिंदू ठरवला नाही तर प्रणाली शून्य-शून्य हा बिंदू धरते आणि चिन्ह माऊसपासून कुठेतरी लांब उमटते.

लेयर म्हणजे नकाशातील थर; त्याचा नियम अनेकांना उशिरा कळतो. ऑटोकॅडमध्ये ‘०’ या लेयरवर काढलेले चिन्ह ज्या लेयरवर ठेवाल त्याचे गुण घेते, म्हणजे रंग, रेषेचा प्रकार आणि जाडी. दुसऱ्या लेयरवर काढलेले चिन्ह आपला लेयर सोबत घेऊन येते. याचा खरा उपयोग जुने आणि नवे काम एकाच नकाशात दाखवताना होतो. इमारत परवानगीच्या नकाशांत नियोजित बांधकाम तांबडे, पाडायचे बांधकाम पिवळे आणि असलेले काळे दाखवण्याची पद्धत आहे. जुन्या नळयोजनेला वाढ देतानाही असलेली विहीर आणि नवी विहीर वेगळी दिसायला हवी. चिन्ह ‘०’ लेयरवर असेल तर विहिरीचा एकच ब्लॉक सगळीकडे चालतो. नसेल तर काळी विहीर, तांबडी विहीर, पिवळी विहीर असे तीन ब्लॉक पाळावे लागतात आणि ते कधीच एकसारखे राहत नाहीत.

नावांचा प्रश्न सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. ‘व्हॉल्व्ह१’, ‘नवीन व्हॉल्व्ह’, ‘व्हॉल्व्ह फायनल’ ही नावे प्रत्येक कार्यालयात सापडतात. विषय, वस्तू, प्रकार, माप या क्रमाने नाव बांधले तर यादीत सारख्या वस्तू शेजारी येतात: ‘पापु-व्हॉल्व्ह-स्लुइस-०८०’ (पापु म्हणजे पाणीपुरवठा), त्याखाली १००, मग १५०. ८०च्या आधी शून्य लावायचे कारण साधे आहे. अक्षरक्रमाने लागणाऱ्या यादीत १०० हे ८०च्या वर जाऊन बसते.

याहून गंभीर गोष्ट एकाच नावाच्या दोन वेगळ्या चिन्हांची. समजा, एका फाइलमध्ये ‘एअर व्हॉल्व्ह’ नावाचा जुना, चुकीचा ब्लॉक आहे. संग्रहातील सुधारलेला ब्लॉक त्याच नावाने त्या फाइलमध्ये पेस्ट केला, तर ऑटोकॅड फाइलमधील जुनी व्याख्याच कायम ठेवते आणि नवी टाकून देते. खालच्या कमांडच्या पट्टीत तशी एक ओळ उमटते, पण ती पट्टी कोण वाचतो? सुधारलेले चिन्ह आणले या समजुतीत जुनेच चिन्ह नकाशाभर पसरते. म्हणून चिन्ह खरोखर बदलले की नावाला आवृत्तीची खूण जोडावी, किंवा व्याख्या जाणीवपूर्वक बदलून घ्यावी. इंटरनेटवरून आणलेल्या ब्लॉकांमध्ये ‘डोअर’, ‘ट्री’ अशी सर्वसाधारण नावे फार असल्याने ही टक्कर हमखास होते. शिवाय उत्पादक कंपन्यांच्या नळांच्या चित्रांत कधी हजारो बारीक रेषा असतात; असे शंभर नळ ठेवले की फाइल उघडायलाच वेळ लागतो. वापरात नसलेल्या व्याख्या पर्ज कमांडने काढता येतात.

चिन्हाला माहिती जोडता येते, आणि इथून संग्रह चित्रांचा न राहता हिशेबाचा होतो. स्लुइस व्हॉल्व्हच्या ब्लॉकमध्ये व्यास, दाबवर्ग आणि क्रमांक असे रकाने ठेवले तर ते ठेवतानाच भरले जातात आणि पुढे नकाशातून तक्ता काढता येतो: ८० मिमीचे किती, १०० मिमीचे किती. अंदाजपत्रकाची मोजणी हातात पेन्सिल घेऊन टिचक्या मारत करण्यापेक्षा हे विश्वासाचे. मात्र सगळे व्हॉल्व्ह खरेच ब्लॉक असतील तरच. कोणी घाईत एखादे चिन्ह ‘एक्स्प्लोड’ केले, म्हणजे मोडून सुट्या रेषा केल्या, की ते मोजणीतून गळते आणि भरलेल्या ‘१००’ऐवजी रकान्याचे नाव उमटते. दर मात्र या रकान्यांत ठेवू नये. दरसूची बदलते, आणि जुन्या नकाशात दडलेला जुना दर कोणी तपासत नाही.

साठवण दोन तऱ्हांनी होते. प्रत्येक चिन्हाची वेगळी फाइल केली तर शोधणे आणि बदलणे सोपे, पण फाइलींची गर्दी होते. एका विषयाची सगळी चिन्हे एकाच फाइलमध्ये ओळीने मांडून ठेवली तर पाहणे सोपे. ऑटोकॅड २०००मध्ये आलेल्या डिझाइनसेंटरमुळे ती फाइल न उघडताच आतील ब्लॉक उचलता येतात. पाच-सहा जणांच्या कार्यालयाला दुसरी पद्धत अधिक मानवते, कारण संग्रहात काय आहे ते एका कागदावर छापून भिंतीला लावता येते. संग्रह क्लाउडवर असला तरी शिवारात मोजणीला जाणाऱ्याच्या लॅपटॉपवर त्याची ताजी प्रत लागते. डोंगराळ भागात नेटवर्कवर विसंबून चालत नाही.

मराठी मजकुराची एक स्वतंत्र अडचण आहे. ऑटोकॅडच्या नेहमीच्या रेषाफॉन्टमध्ये देवनागरी उमटत नाही, आणि युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात लिहिलेला ‘विंधन विहीर’ हा मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होतो. संग्रहातील मजकूर मंगलसारख्या युनिकोड फॉन्टात हवा. ब्लॉक आणि लेयरची नावे वर देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्षात रोमन अक्षरांत ठेवली तर इतर प्रणालींत कमी अडकतात.

संग्रहात भर घालण्याचा अधिकार एकाकडे आणि बाकीच्यांना तो फक्त वाचता येईल, ही व्यवस्था लहान कार्यालयातही करता येते. नवे चिन्ह आले की अधिकार असलेल्याने चारच गोष्टी पाहायच्या: एकक, मूळ बिंदू, लेयर आणि नाव. काम पूर्ण झालेल्या योजनेच्या नकाशातील चिन्हे मात्र पुढे संग्रह सुधारला तरी बदलू नयेत. मंजुरीचा शिक्का त्या दिवशीच्या नकाशावर असतो.