रोगाचे दर्शक आणि हेतूचा व्यभिचार

'मल्टिपल स्क्लेरोसिस' या व्याधीची ओळख प्रथम शवविच्छेदनातून पटली. शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली मृतांच्या मेंदूत व मज्जारज्जूत आढळणाऱ्या कठीण चकत्यांचे वर्णन केले. मज्जातंतूंभोवतीचे मायलिन हे स्निग्ध आवरण शरीराच्याच प्रतिकारपेशी उद्ध्वस्त करतात, तेथे अशा चकत्या पडतात. आज जिवंत रुग्णातही त्या चुंबकीय प्रतिमांवर दिसतात. परंतु त्यांमागील रासायनिक विनाशाचा माग रक्तात वा मेरुद्रवात घ्यावा लागतो.

क्षुब्ध प्रतिकारपेशी सुपरऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात आणि त्यांच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट हे अतिक्रियाशील द्रव्य बनते. शरीराची निवारक शक्ती अपुरी पडली की जी अवस्था येते, ती ऑक्सिडीभवनजन्य ताण होय. मायलिनच्या शुष्क भारात ७० टक्क्यांच्या आसपास मेद असतो. जुने तेल खवट होते तद्वत तो बिघडतो आणि मॅलॉनडायअल्डिहाइड, आयसोप्रोस्टेन असे अवशेष मागे राहतात. हेच ते दर्शक. (त्यांना 'लक्षण' म्हणणे दुहेरी चुकीचे: वैद्यकात लक्षण रुग्णाला जाणवते, तर न्यायशास्त्रात ते अतिव्याप्तीपासून मुक्त असावे लागते.)

नेमकी अतिव्याप्तीच येथे आडवी येते. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर नसतो. मॅलॉनडायअल्डिहाइडचे तसे नाही. अनेक अभ्यासांत रुग्णगटात त्याची सरासरी अधिक आढळली, हे खरे. पण धूम्रपान, मधुमेह, वार्धक्य यांतही ते वाढते. नैयायिक अशा हेतूस सव्यभिचार म्हणतील. युरिक आम्लाची घटही आहार, मूत्रपिंड व लिंगभेद यांवर अवलंबून असते. म्हणूनच २०१७ च्या मॅक्डोनाल्ड निकषांत यांपैकी एकही दर्शक नाही.

रुग्णाच्या दृष्टीने हा शब्दच्छल नव्हे. अशा एका आकड्यावर विसंबून जो चालू औषध सोडून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांकडे वळेल, त्याची हानी भरून येईलच असे नाही. अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेले डायमिथिल फ्युमरेट पेशींची स्वतःची निवारक यंत्रणा जागृत करते. परंतु ते प्रतिकारपेशींवरही परिणाम करीत असल्याने गुणाचे श्रेय कोणत्या क्रियेस किती द्यावे, याचा निवाडा झालेला नाही.