सूक्ष्मदर्शकातील प्रकाशाची वाट

संयुक्त सूक्ष्मदर्शकात पदार्थाजवळचे वस्तुभिंग त्याची वर्धित प्रतिमा नळीत तयार करते आणि डोळ्याजवळचे नेत्रभिंग ती आणखी मोठी करून दाखवते. म्हणून ४० पट वस्तुभिंगाला १० पट नेत्रभिंगाची जोड मिळाली की एकूण वर्धन ४०० पट होते. तथापि उपकरणाची खरी कसोटी वर्धन नव्हे, तर विभेदनक्षमता, म्हणजे अगदी जवळचे दोन बिंदू वेगवेगळे दाखवण्याची शक्ती होय. ती प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि वस्तुभिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते यावर अवलंबून असते, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडले. दृश्य प्रकाशात ही मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर असून त्यापुढे वर्धन वाढवल्यास प्रतिमा मोठी होते, पण नवा तपशील दिसत नाही.

म्हणूनच मंचाखालचा कंडेन्सर, जो दिव्याचा प्रकाश शंकूच्या आकारात स्लाइडवर एकवटतो, भिंगांइतकाच महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळांत मात्र सर्वांत जास्त उपेक्षा त्याचीच होते. त्याची झडप उजेड कमी करण्यासाठी नसते, त्यासाठी दिव्याचे बटण असते. झडप फार मिटली तर प्रतिमा गडद व उठावदार भासते, परंतु कडांभोवती खोट्या रेषा उमटतात आणि बारकावे हरवतात. नेत्रभिंग काढून नळीत पाहिल्यावर जी प्रकाशाची चकती दिसते, तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उजळ राहील इतकीच झडप मिटणे सामान्यतः योग्य ठरते.

निरीक्षण नेहमी कमी वर्धनापासून सुरू करावे. प्रतिमा स्पष्ट करण्यासाठीचा मोठा स्क्रू फक्त तेथेच फिरवावा, कारण ४० पट वस्तुभिंग आणि कव्हरस्लिप यांच्यात बहुधा एक मिलिमीटरही अंतर उरत नाही आणि तेथे लहान स्क्रूच सुरक्षित असतो. १०० पट वस्तुभिंगासाठी स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवतात. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, काचेइतकाच सुमारे १.५१५ असल्याने एरवी हवेत वळून निसटणारे किरणही भिंगात पोहोचतात. क्षयाचा जिवाणू १८८२ मध्ये ओळखणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनाला असे तैलभिंग आणि आबे यांचा कंडेन्सर या दोहोंचा मोठा आधार होता. हिवतापाच्या तपासणीत रक्ताचा रंगवलेला पातळ थर आजही याच रीतीने पाहिला जातो. मात्र तेल लावल्यानंतर वस्तुभिंगांची चकती पुन्हा ४० पटीकडे फिरवू नये, कारण ते कोरडे भिंग तेलात बुडून त्याची प्रतिमा धूसर होते. काम संपताच तैलभिंग भिंगांसाठीच्या मऊ कागदाने हलकेच टिपून घ्यावे.