औंढ्याचा गाळ, बंगालच्या उपसागरातला वायू

लोणावळ्याजवळच्या औंढ्यातून अरबी समुद्र किती जवळ! पण इथल्या शिवारातलं पावसाचं पाणी तिकडे जात नाही. सह्याद्रीचा माथा पाण्याची वाट पूर्वेला वळवतो: इंद्रायणी, भीमा, कृष्णा आणि अखेर बंगालचा उपसागर.

या प्रवासात बेसॉल्टची झीज होऊन झालेली मातीही असते. आज उजनी, नागार्जुनसागर अशी धरणं तिला अडवतात. धरणं नव्हती तेव्हा लाखो वर्षं ती समुद्रतळाशी साचत गेली. कृष्णा-गोदावरी खोरं अशाच गाळाचं आहे.

गाळाखाली सेंद्रिय अवशेष गाडले गेले, की दोन वाटा फुटतात. उथळ, थंड थरांत सूक्ष्मजीव त्यांतून मिथेन तयार करतात. खोल गेल्यावर मात्र उष्णता काम करते. दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. सुमारे 60 ते 120 अंशांत मुख्यतः तेल, त्याहून वर वायू.

हे घडताना पाहायला कोणी नव्हतं, म्हणून भूशास्त्रज्ञ संगणकावर खोरं पुन्हा 'भरतात'. वरचे थर एकेक करून काढायचे, दबलेल्या थरांची मूळ जाडी काढायची, मग कालक्रमाने ते पुन्हा रचत तापमान मोजायचं. तेलविहिरीतल्या खऱ्या नोंदींशी आकडे जुळले नाहीत, तर गृहीतकं बदलायची.

2006 मध्ये 'जॉइडीस रिझोल्यूशन' या जहाजाने याच कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोदकाम केलं. तिथे मिथेन बर्फासारख्या हायड्रेटच्या रूपात गोठलेला सापडला.