डॅशकॅमला उन्हाची वीज पुरेल का?

गाडी उभी असतानाही डॅशकॅम चालू ठेवला, तर सगळा भार गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर पडतो. कॅमेरा साधारण ४ वॅट वीज घेतो असं धरलं, तर २४ तासांत ९६ वॅट-तास, म्हणजे बॅटरीतले ८ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी जेमतेम ३५ अँपिअर-तासांची. गाडी तीन-चार दिवस जागची हलली नाही, की किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नुसताच टकटक करतो.

२० वॅटचं सौर पॅनल ५ तासांच्या कडक उन्हात १०० वॅट-तास देतं, तेही कागदावर. डॅशबोर्डवर काचेआड ठेवलं, तर तिरपा कोन आणि उष्णता यांमुळे हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. पावसाळ्यात किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये तर विचारूच नका.

पॅनल थेट कॅमेऱ्याला जोडू नये. मध्ये चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि व्होल्टेज १२च्या आसपास उतरताच कॅमेरा बंद करणारं कटऑफ हवं. लिथियम पॉवर बँक तापत्या गाडीत ठेवू नका. ती फुगते, कधी पेटतेही.

सतत रेकॉर्डिंगऐवजी हालचाल झाली तरच जागा होणारा पार्किंग मोड निवडा. मग छोटं पॅनलही पुरू शकतं.