कुकी

संकेतस्थळाने ब्राउझरमार्फत वापरणाऱ्याच्या संगणकात वा मोबाइलमध्ये ठेवलेली छोटी मजकूररूप नोंद. वेबच्या देवाणघेवाणीच्या नियमांत (एचटीटीपी) प्रत्येक मागणी स्वतंत्र मानली जाते. आधीच्या मागणीची स्मृती राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी योजली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत विणलेले टर्किश टॉवेल एखाद्याने ऑनलाइन दुकानात निवडले, तर पुढचे पान उघडल्यावरही ते त्याच्याच खरेदीयादीत राहतात, ते सामान्यतः कुकीतील ओळखक्रमांकामुळे.

काही कुकी तात्कालिक, तर काही ठरावीक मुदतीपर्यंत टिकणाऱ्या असतात. उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच स्थळाने ठेवलेल्या नोंदीस ‘त्रयस्थ कुकी’ म्हणतात. एकाच जाहिरातसंस्थेची अशी कुकी अनेक स्थळांवर वाचली जात असल्यास ग्राहकाने कोठे काय पाहिले, याचा माग तिला काढता येतो. सफारी ब्राउझरने २०२० पासून त्रयस्थ कुकी सरसकट रोखल्या.

ब्राउझरच्या ‘सेटिंग्ज’मधील गोपनीयता विभागात कुकी पाहता, पुसता वा रोखता येतात. सर्व पुसल्यास बहुतेक स्थळांवर पुन्हा परवलीचा शब्द द्यावा लागतो. म्हणून केवळ त्रयस्थ कुकी रोखणे सोयीचे ठरते. सामाईक संगणकावर मात्र काम संपताच खात्यातून बाहेर पडून सर्व कुकी पुसणे इष्ट. अन्यथा पुढील व्यक्तीस ते खाते उघडे मिळू शकते.