गाडी उंच करायची, पण किती?



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, गाडीचे पाटे आणि टायर हा काय बायकांचा विषय झाला? झाला आहे. आता कितीतरी बचत गटांनी आणि ग्रामसंघांनी कर्ज काढून मालवाहू पिकअप घेतल्या आहेत. गाडी आपल्या नावावर, हप्ता आपण भरतो, मग तिच्याखाली काय लावायचं हेही आपल्याला कळायला हवं. नाहीतर गॅरेजमध्ये सांगतील ते खरं मानावं लागतं.

आम्ही अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ काम करतो. इकडे भात, नाचणी, वरई पिकते आणि पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवरचं दूध बाजाराला जातं. आमच्या ग्रामसंघाची पिकअप जुनी आहे, पण फोर बाय फोर आहे. म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येतो. तरी गेल्या पावसाळ्यात ती वाडीच्या कच्च्या रस्त्यावर अडकली. ट्रॅक्टरमुळे दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मध्ये मातीचा उंचवटा राहिला होता. चाकं चाकोरीत उतरली आणि गाडीचं पोट उंचवट्यावर बसलं. चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत चार तास गेले. तेरा घरांचं दूध नासलं.

गॅरेजमधले मेस्त्री म्हणाले, "ताई, चार इंच लिफ्ट करा आणि मोठे टायर टाका. गाडी कुठंच अडकणार नाही." लिफ्ट म्हणजे पाटे, स्प्रिंगा बदलून किंवा त्यांच्याखाली ठोकळे घालून गाडीचा सांगाडा वर उचलणं. बैठकीत निम्म्याजणी म्हणाल्या, करून टाकू. बाकीच्या म्हणाल्या, पैसे बचतीतून जाणार आहेत, आधी समजून घेऊ. मग आम्ही मोजपट्टी घेऊन गाडीखाली गेलो.

पहिली गोष्ट तिथेच कळली. पिकअपच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक आडवा दांडा असतो, त्याला ॲक्सल म्हणतात. त्याच्या मधोमध फुगीर लोखंडी भाग असतो, तो डिफरन्शियल. आपण सोयीसाठी त्याला गोळा म्हणू. गाडीचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग बहुतेक वेळा हा गोळाच असतो. आमच्या गाडीत जमिनीपासून गोळ्यापर्यंत १९ सेंटिमीटर होते आणि सांगाड्यापर्यंत ३८. रस्त्यावरचा उंचवटा भरला २२ सेंटिमीटर. म्हणजे सांगाडा कुठेच टेकला नव्हता. टेकला होता तो गोळा.

आता नीट ऐका, कारण सगळ्यांची फसगत इथेच होते. पाटे सांगाडा आणि ॲक्सल यांच्या मध्ये असतात. पाटे उंच केले की वरचा सांगाडा उचलला जातो. ॲक्सल आणि गोळा चाकांवर टेकलेले असतात, ते होते तिथेच राहतात. चार इंच म्हणजे जवळपास १० सेंटिमीटर लिफ्ट केली असती, तर आमचा सांगाडा ४८ सेंटिमीटरवर गेला असता आणि गोळा १९ वरच राहिला असता. खर्च करूनही गाडी त्याच उंचवट्यावर पुन्हा बसली असती. गोळा उचलायचा तर टायरच मोठा हवा. काही गाड्यांत पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. तिथे पुढचा गोळा सांगाड्याला बांधलेला असतो, तो मात्र लिफ्टबरोबर वर जातो. म्हणून आपल्या गाडीखाली काय कशाला जोडलंय, ते आधी पाहायचं.

मग टायर किती मोठा? टायरच्या बाजूला आकडे कोरलेले असतात. आमच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचात. हिशोब करू. २१५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १६१. रिमच्या वर १६१ आणि खाली १६१. मध्ये १५ इंची रिम, म्हणजे ३८१. सगळं मिळून टायरची उंची साधारण ७०३ मिलिमीटर. हाच हिशोब २३५/७५ आर १५ चा केला तर ७३३ येते. टायर ३० मिलिमीटरने मोठा झाला, पण ॲक्सल टायरच्या मधोमध असल्यामुळे गोळा त्याच्या निम्मा, म्हणजे फक्त दीड सेंटिमीटर वर गेला. गोळा १० सेंटिमीटर उचलायचा तर टायर २० सेंटिमीटरने मोठा लागेल. तो मडगार्डात मावणारच नाही. मोठ्या टायरबरोबर लिफ्ट करतात ती यासाठी, टायरला जागा मिळावी म्हणून. नुसत्या लिफ्टचा उपयोग पायरी, बंपर किंवा डिझेलची टाकी आपटत असेल तर होतो.

मोठ्या टायरची किंमत दुकानात दिली तेवढीच नसते. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण गाडीच्या मीटरला ते कळत नाही. २१५ काढून २३५ टाकला तर मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ किलोमीटर चाललेली असेल. वेगही काट्यापेक्षा जास्त असेल. आपण भाडं किलोमीटरवर लावतो आणि डिझेलचा मेळ वहीत घालतो. मग भाडं कमी येणार, डिझेल जास्त लागल्यासारखं दिसणार आणि संशय जाणार गाडी चालवणाऱ्या ताईवर. चढावर जोर कमी पडतो आणि ब्रेकलाही जास्त काम पडतं, ते वेगळंच.

सगळ्यात मोठी किंमत तोलाची आहे. डोक्यावर एक हंडा घेऊन बांधावरून चालणं आणि तीन हंड्यांची चळत घेऊन चालणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. ओझं जितकं वर, तितका तोल लवकर जातो. समजा, गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये १४० सेंटिमीटर अंतर आहे आणि भरलेल्या गाडीचा भार जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर एकवटला आहे. चार इंच लिफ्ट आणि मोठे टायर मिळून तो ९१ च्या पुढे जातो. चाकांमधलं अंतर तेवढंच राहतं. एका अंगाला कलल्यावर गाडी सावरण्याची ताकद साधारण १२ टक्क्यांनी घटते. घाटातल्या वळणावर, हौद्यात भाताची पोती असताना, ही घट परवडणारी नाही. आणि बाजारावरून येताना बाया हौद्यात बसतात, ते तर आम्ही बंदच केलंय. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही आणि काही झालं तर विम्याचं संरक्षणही मिळत नाही.

लिफ्टने आणखीही बिघाड होतात. इंजिनाकडून मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा जास्त तिरका चालतो आणि त्याचे जॉइंट लवकर जातात. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यावर जातो. पाट्यांखाली लोखंडी ठोकळे एकावर एक रचून कुणी उंची वाढवत असेल तर सरळ नाही म्हणा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातली माहिती बदलेल असा फेरफार मंजुरीशिवाय करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारायचं, मग गॅरेजमध्ये जायचं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या गाडीच्या पुस्तकात २३५ चं माप दिलेलं नव्हतं, म्हणून मापाला हात लावला नाही. जुने टायर मात्र पार गुळगुळीत झाले होते. अशा टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली की ते कायद्यानेही चालत नाहीत. त्याच मापाचे, पण डांबरी आणि मातीच्या दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या खोल नक्षीचे, म्हणजे ऑल टेरेन टायर घेतले. मड टेरेन नावाचे टायर चिखलात त्याहून चांगले, पण आमची गाडी बहुतेक वेळ डांबरीवर असते. तिथे ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरीवर त्यांची पकड कमी पडते. नव्या नक्षीच्या जाडीने गोळा पाऊण सेंटिमीटर वर आला.

टायर घेताना मापानंतरचा आकडा वाचला. तो एका टायरला पेलणारं वजन सांगतो. १०० असेल तर ८०० किलो, १०४ ला ९०० आणि १०८ ला १००० किलो. पुस्तकात सांगितल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. टायरवर चार आकडी तारीखही असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले लागतात. दोन नवे, दोन जुने असं केलं तर आतल्या दातऱ्यांवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

मागचे पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसले होते. ते कंपनीच्या मापाचे नवे घातले. गाडी मूळ उंचीवर आली, त्याला लिफ्ट म्हणत नाहीत. तुमची गाडी खाली आली असं वाटलं, तर आधी पाटे बसलेत का ते बघा.

एवढं करूनही गोळा १९.८ सेंटिमीटरवर आणि उंचवटा २२ वर. २३५ चे टायर टाकले असते तरी गोळा २१.३ पर्यंतच गेला असता. मग एका रविवारी प्रत्येक घरातून एकेक जण आलं. कुदळी-फावड्यांनी उंचवटा कापला, चाकोऱ्यांत मुरूम आणि दगड भरले, कडेला पाण्याला चर काढून दिला. गाडी चार इंच वर उचलण्यापेक्षा उंचवटा चार इंच खाली आणणं स्वस्त पडलं. पाऊस लागला की पुन्हा चाकोरी पडणार, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन मोजायचं ठरलंय.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी म्हणालं गाडी उंच करा, तर एवढंच विचारा: टेकतंय काय, आणि ते किती सेंटिमीटरने टेकतंय? उत्तर मोजपट्टीने द्या. मोजपट्टी आपल्या शिवणकामाच्या डब्यातली चालते. आम्ही तीच वापरली.