चिपला एकच गाव नसतं

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटला चिपचा कारखाना नाही, होणार अशी चर्चाही नाही. पण विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर, सौरपंपाचा कंट्रोलर, किराणा दुकानातला वजनकाटा या सगळ्यांत चिप आहे. तेव्हा 'हे पुण्या-बंगळुरूवाल्यांचं काम, आपल्याला काय त्याचं' हा गैरसमज आधी निकालात काढू.

त्याहून पक्का समज म्हणजे, चिप तैवान बनवतं. एक मोठा टप्पा तिथे होतो, एवढंच खरं. सर्वांत बारीक चिपा छापणारं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. त्यातले आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर जर्मनीच्याच ट्रम्फचा आणि मूळ संशोधनात अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांचा मोठा वाटा. या साखळीतली एखादी कडी निखळली की काय होतं, ते 2021 मध्ये दिसलं. फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फ पडून कारखाने बंद झाले, मार्चमध्ये जपानात रेनेसासच्या नाका कारखान्याला आग लागली. चिपांचा तुटवडा आधीपासून होताच, तो वाढला. सप्टेंबरमध्ये महिंद्राला वाहनांचं उत्पादन सुमारे 7 दिवस थांबवण्याचं जाहीर करावं लागलं. ट्रॅक्टरचं काम मात्र सुरू राहिलं, हे आपल्या भागाचं नशीब.

तेव्हा अडलं होतं ते मुख्यतः जुन्या पद्धतीच्या चिपांवाचून. 'नॅनोमीटर जितके कमी तितकी चिप चांगली' ही मोबाईलच्या जाहिरातींनी लावलेली सवय. गाडीला, पंपाला, मीटरला जाड पण टिकाऊ चिप चालते. गुजरातेत धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून उभारत असलेला कारखानाही 28 नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राचाच आहे. साणंदला मुंबईची सीजी पॉवर चिपांच्या पॅकेजिंगमध्ये उतरली आहे. तिचे भागीदार जपानची रेनेसास (आग लागलेली तीच) आणि थायलंडची स्टार्स.

राहिला 'आंतरराष्ट्रीय संशोधन करार म्हणजे फोटोपुरते' हा आक्षेप. पुष्कळ करारांबद्दल तो खराही असेल. पण पवईला जाऊन पाहावं. आयआयटी मुंबईत 2006 मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीबरोबर नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राचं काम सुरू झालं. चिपांची यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्सनेही तिथे प्रयोगशाळा उभारायला मदत केली. पुढे प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने 8 बिटची मेमरी विकसित केली आणि मोहालीच्या सरकारी सेमिकंडक्टर लॅबोरेटरीने ती उत्पादनासाठी स्वीकारल्याचं 2021 च्या सुरुवातीला जाहीर झालं. एकदाच लिहिता येणारी ही मेमरी, चिप तयार झाल्यावर तिच्यातली बारीकसारीक चूक दुरुस्त करायला लागते. देशात संशोधन झालेलं मेमरी तंत्रज्ञान उत्पादनापर्यंत पोचण्याची ही पहिलीच वेळ. आणि मोहालीची 180 नॅनोमीटरची प्रक्रिया? ती इस्रायलच्या टॉवर कंपनीकडून आलेली. स्वदेशी आणि परदेशी असे दोन कप्पे करणाऱ्याची इथे पंचाईत होते. मला तर हीच या धंद्याची खरी रीत वाटते.

पवईच्या याच केंद्राची दारं 2008 पासून एका राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांनाही उघडली गेली. प्रस्ताव लिहायचा, प्रशिक्षण घ्यायचं आणि धूळविरहित स्वच्छ खोलीत (क्लीनरूममध्ये) आपला प्रयोग करायचा. त्यासाठी आयआयटीचा विद्यार्थी असावं लागत नाही.